सासुरवाडीतली पहिली शिट्टी

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी बास्केटबॉलचा पंच व्हायला निघालो, कारण डॉक्टरांनी पळायला सांगितलं होतं आणि विनाकारण पळताना मला स्वतःचीच लाज वाटायची.

लेखी परीक्षा पास झालो. उरली मैदानावरची चाचणी. मी एक सामना चालवायचा, परीक्षक डोंगरे सर कडेला बसून बघणार. त्यांनी सही केली की झालो पंच! सामना नेमका निघाला सावनेरला. म्हणजे माझी सासुरवाडी! यजमान संघाचा कप्तान पंकज, माझा सख्खा साळा. (हे मी फॉर्मवर लिहिलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता!) त्यात महिना अधिकाचा. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू!

पहिला फाउल मी धीर करून पंकजलाच दिला. वाटलं, आता भांडेल. तर त्याने हात जोडले! "भाऊजी म्हणतात तर केलाच असंन गा मी."

त्याच्या जोडीदाराने जरा कुरकुर केली, तसे पहिल्या रांगेतून सासरे कडाडले, "काहून गा, जावयाले उलटून बोलून राहिला?"

पाचव्या फाउलला पंकज बाद झाला. जाताना माझ्या पाया पडला. समोरच्या रामटेक संघाचा कप्तान हतबुद्ध. "सर, मी मॅच खेळून राहिलो का लग्नात आलो?"

मध्यंतर झालं आणि सासूबाई पाट, ताम्हण अन् तेहतीस अनारशांची परडी घेऊन थेट मैदानात!

"अहो, इथे येता येत नाही!"

"अधिकात जावई गावात आला अन् उपाशी गेला, तर पाप कोणाले लागंन? बसा!"

मी बसलो. (तुम्ही बसला नसता? माझ्या सासूबाई पाहिल्या नाहीत तुम्ही!) भर मैदानात, मधल्या वर्तुळात, त्यांनी माझे पाय धुतले. डोंगरे सर उठून उभे राहिले. "पंच! नियम काय म्हणतो?"

आता सहीचा प्रश्न होता! मी ताम्हणात पाय ठेवूनच शिट्टी फुंकली. "यजमान संघाला टेक्निकल फाउल!"

"हे काय असते जी?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही आत आलात म्हणून समोरच्यांना एक फ्री थ्रो."

"एकच? अधिकातलं दान तेहतीसचं असते. तेहतीस द्या त्याहीले!"

टाळ्या! सासरे ओरडले, "द्या, द्या! कमी पडू देऊ नका!"

"आमाले जिंकाचं आहे, दान नाही पाहिजे!" रामटेकचा कप्तान रडकुंडीला आला.

मी तरातरा उठलो, माझ्याच पायधुणीवर घसरलो आणि बसल्या बसल्या बास्केटखाली पोचलो. कोणी हसलं नाही. "जावईबापू पडले म्हंजे मैदानाचीच चूक!" सासऱ्यांनी जाहीर केलं.

डोंगरे सरांनी सही केली नाही. म्हणाले, "तुमच्या निर्णयावर एकही भांडण झालं नाही. मग तुमची परीक्षा मी घेऊ कशाची? सासरे नसलेल्या गावात पुन्हा या."

पुढच्या रविवारी नागपुरात पुन्हा चाचणी. पहिल्याच फाउलला दोन्ही संघ, दोन्ही कोच आणि गेटवरचा चणेवाला माझ्यावर धावून आले. मी निर्णय बदलला. मग बदललेला बदलला. मग शिट्टी डोंगरे सरांच्या हातात देऊन घरी आलो.

नियम मला आजही सगळे पाठ आहेत हो! फक्त ऐकणारी माणसं सासरची लागतात.