चाचीचा बाप

"हात ढिला सोड गं माय, भ्यायचं न्हाय," म्हणत ती पंजा दाबायची, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असायची. येरमाळ्यात आम्ही सगळ्या तिला चाची म्हणायचो. तुमच्याही गल्लीत अशी बांगडीवाली येत असेल. लग्नघरात एखादी आत्याबाई फार मिजास करू लागली, की चाची तिला मुद्दाम घट्ट माप चढवायची आणि वर निरागसपणे विचारायची, "दुखलं का?"

माहेरचं नाव मात्र ती काढत नसे. "तिकडं काय हाय आता," एवढंच.

मी शाळेत शिकवायची. काही वर्षांपूर्वी मराठवाडा मुक्तिदिनाला आम्ही निजामाचं राज्य पाहिलेली म्हातारी माणसं बोलावली. रझाकारांनी जाळलेली घरं, रानोमाळ झालेली पळापळ, सगळं निघालं. चाची मागं बसली होती. मी सहज म्हटलं, "चाची, तुम्हीपण बोला की."

ती उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"रझाकार लई वाईट. आमच्याबी कोंबड्या नेल्या त्यांनी. मंग भारताची फौज आली, निजाम हरला. तवा गावातलीच मान्सं आमच्या दारात आली. बाप बांगड्या विकायचा. त्याला रानात नेलं. आईनं हिरीत उडी घेतली. शेजारच्या बाईनं मला कुकू लावलं, आपली लेक म्हनून घरात ठिवलं. माझा बाप रझाकार न्हवता. एवढंच सांगायचं हुतं."

पुढच्या रांगेतले एक आबा काठी टेकत तिच्याजवळ गेले. ते तिच्या माहेरच्याच गावचे.

"कुठं नेलं, कुठं पुरलं ते म्या बघितलं हुतं," ते म्हणाले. "आमच्याच रानात. पोरगा हुतो. पर मोठा झाल्यावरबी कुनाला बोललो न्हाय."

चाची म्हणाली, "दावता का?"

रविवारी आम्ही तिघं जीपनं गेलो. बांधाला कडुलिंबाचं झाड होतं. आबांनी तिकडं बोट केलं आणि पायातल्या चपला काढल्या. चाचीनं हात पसरून बापासाठी फातिहा म्हटला. मग कितीतरी वेळ ती खोडाला धरून उभी राहिली.

"सावली हाय," ती शेवटी म्हणाली. "बरं झालं."

पुढच्या हिवाळ्यात चाची गेली. आबांनी तेवढा तुकडा पेरायचा सोडला. एसटीतून जाताना मला चहूकडं सोयाबीन दिसतं, आणि लिंबाखाली गवत.