सोनाबाईच्या मालकाचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, मैत्रिणींत नाही. तुम्हाला सांगतेय — काऊन, ते मलाही ठाऊक नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. मोठे डॉक्टर मद्रासकडचे. मराठी त्यांना येत नसे. रोगी काय बोलतो ते मी इंग्रजीत सांगायचं — केवढी ऐट होती माझी तेव्हा!

उंद्रीच्या सोनाबाईला तिचा मुलगा घेऊन आला. म्हातारीला विसर पडू लागला होता. भाजीत दोनदा मीठ, मुलाला भावाच्या नावानं हाक, दिवेलागणीला माहेरी निघायची. मुलगा पार थकला होता. तिला घरी ठेवायचं की दूर वेड्यांच्या इस्पितळात — डॉक्टर म्हणतील तसं तो करणार होता. वाईट नव्हता हो तो.

त्यानं आईला पढवू नये म्हणून डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं. गाव कोणतं, मुलं किती? काही चुकलं, काही जमलं. मग विचारलं, नवऱ्याचं नाव काय?

तिनं पदर पुढं ओढला. लाजली — त्या वयात! माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मालकाचं नाव घेतेत का बाई कोनी? तुले तं मालूम हाये. तूच सांग त्याले."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, एवढंच तर सांगायचं होतं. मी तरी माझ्या नवऱ्याचं नाव कधी घेतलं होतं? पण आठवडाभर आधी आमची अशीच एक रीत सांगितली, तेव्हा डॉक्टर हसले होते, आणि मीही त्यात गावंढळ ठरले होते. पुन्हा ते हसणं नको होतं — बस. मी म्हणाले, हिला नवऱ्याचं नाव आठवत नाही.

डॉक्टर हळहळले. बाकीचं घरी निभावलं असतं म्हणाले, पण नवऱ्याचं नावही गेलं म्हणजे आता पाठवलेलंच बरं. तेव्हाही मला तोंड उघडता आलं असतं की नाही? मुलाला निरोप मीच सांगितला. सोनाबाई माझा हात धरून विचारत होती, "सांगतलं ना वं त्याले?"

मी "हाव" म्हटलं.

ती तिकडेच वारली, परक्या माणसांत. पुढे मुलगा मुद्दाम भेटायला आला. "बाई, तुमी होत्या म्हनून मायचं दुखनं साहेबाले समजलं," म्हणाला, आणि माझ्या पाया पडला.

मी पडू दिलं.