अर्जात नसलेली बायको

सही करायला शिकण्यात वत्सलाचा अख्खा पावसाळा गेला. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, मासळी बंद, हाताला काम नाही. मुरबे गावच्या शाळेत शिकवणाऱ्या उषाबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या ओट्यावर बसून ती पाटीवर स्वतःचे नाव गिरवत राही. बाकीची अक्षरे वळणावर आली, पण 'त्स' काही केल्या जमेना. चोवीस वर्षांची बाई पाटी पुसते, पुन्हा लिहिते, हे बघून बायका हसायच्या. वत्सला म्हणायची, "हसा गो. जर्मनीत अंगठा चालत नाय."

हे तिला नवऱ्याने सांगितले होते. कमलाकांत यांत्रिक होडीवर इंजिनाचा डायवर. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. दोन वर्षांपूर्वी, पासष्ट साली, नवे इंजिन बसवायला एक जर्मन साहेब आला होता. कमलाकांतचा हात बघून तो खूश झाला आणि परत गेल्यावर त्याने हॅम्बर्गच्या एका कारखान्यातल्या नोकरीचे पत्र धाडले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. पासपोर्ट हाती आला, आता राहिला होता व्हिसा. कमलाकांत म्हणाला, "अर्ज दोघांचा एकदमच द्यायचा. मी पुढं जातो, वर्षभरात तुला बोलावतो."

फोटो काढायला दोघे पालघरला गेली तेव्हा सासूने, मंगलाने, स्वतःच्या हाताने सुनेला लुगडे नेसवले, केसात आबोली माळली. लग्नाला सहा वर्षे झाली, मूलबाळ नव्हते, तरी मंगलाने कधी टोचून बोललेले वत्सलाला आठवत नव्हते. दोघी बरोबर बोंबील वाळवायच्या, बरोबर मासळीच्या पाट्या घेऊन बोईसरला जायच्या. तारापूरच्या वीजकेंद्राचे बांधकाम सुरू झाल्यापासून तिथे गिऱ्हाईक वाढले होते. मायलेकी आहात काय, असे लोक विचारायचे आणि मंगला हो म्हणायची.

फोटो आल्यावर वत्सलाने आपल्या अर्जावर पहिली सही केली. दसऱ्याच्या आसपास मुंबईच्या जर्मन वकिलातीतून रजिस्टर पाकीट आले. कमलाकांत समुद्रावर होता, दोन दिवस येणार नव्हता. वत्सलाने पोस्टमनपुढे आयुष्यातली दुसरी सही ठोकली आणि पाकीट घेऊन तशीच उषाबाईंकडे पळाली. निकडीचे काही असले तर?

बाईंनी कागद वाचला. "काही विशेष नाही गं. फोटो त्यांच्या मापाचा नाही, म्हणून अर्ज परत पाठवलाय. दुसरा फोटो लावून द्यायचा."

"माजापन फोटो बदलायचा?"

बाईंनी पाने उलटली. पुन्हा उलटली. मग विचारले, "तुझा अर्ज कुठाय?"

"त्यातच आसंल. दोगांचा एकदमच दिलाय."

"वत्सला, तुझा पासपोर्ट काढलाय?"

"माजा? न्हाय बा. त्याला एकट्यालाच लागतो ना?"

उषाबाई आत जाऊन पाणी पिऊन आल्या. मग एका ओळीवर बोट ठेवून हळू म्हणाल्या, "इथं विचारलंय, लग्न झालंय का. त्यानं लिहिलंय, अविवाहित. घरात कोण, तर आई. बस."

"वाचा परत."

बाईंनी परत वाचले. वत्सलाने तिसऱ्यांदा वाचायला लावले. तिला वाटत होते, इंग्रजीत काहीतरी राहून जात असेल.

घरी येऊन तिने ट्रंक उपसली, फडताळ पालथे घातले. तिने सही केलेला अर्ज कुठे सापडेना. शेवटी सासूची लाकडी पेटी उघडली. तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत तो होता. खाली वाकडा 'त्स', वर तिचा फोटो.

मंगला दारात उभी होती.

"आये, तुला ठावं होतं?"

मंगला खाली बसली. "त्यानंच ठेवायला दिलता. म्हनला, तिला दावू नको, तिच्या मनाला लागंल."

"फोटोच्या दिवशी माज्या केसात फुलं माळलीस, तवा ठावं होतं?"

मंगलाने होय म्हणून मान हलवली. "येकुलता पोर हाय, बाय. त्याचं नशीब उघडतंय, मी कशी आडवी जाऊ?"

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

कमलाकांत आला तो आधी चिडला, मग समजूत घालू लागला. "एकट्या गड्याला व्हिसा लवकर मिळतो म्हणून लिवलं. कागदावरचं काय खरं असतं? तिकडं पाय रोवला की बोलावतोच तुला."

"बायको न्हाय म्हणून सांगितलं, मग बोलावनार कोनाला?"

आजवर ती नवऱ्याला 'तुमी' म्हणत आलेली. त्या क्षणी तिच्या तोंडून 'तू' निघाले. "तू मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलंस. चार महिने. कशापायी?"

"तू गप ऱ्हावीस म्हणून," तो म्हणाला. रागाच्या भरात खरे बोलून गेला.

आठवड्याने वत्सलाने जमात, म्हणजे जातीची पंचायत बोलावली. देवळापुढे गावची माणसे जमली. शिरगावहून तिचा भाऊ दादू आला. जमातीचा पाटील पुंडलिक वयाने मोठा, तोलून बोलणारा. वत्सलाने नवऱ्याचा अर्ज त्याच्यापुढे रेतीवर ठेवला.

"पाटील, ह्याच्यात यानं आपल्या हातानं लिवलंय का याला बायको न्हाय. आता एकच विचारते. हे खोटं आसंल तर यानं इथं सांगावं, मी घरी जाते. खरं आसंल तर माजी मला सोडचिठ्ठी द्या."

पुंडलिकने कमलाकांतकडे पाहिले. "बोल रे."

वत्सलाचे हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. घरून निघताना तिने दादूला बजावले होते, की मला सुटायचेच आहे. पण आत कुठेतरी ती वाट बघत होती. त्याने एकदा म्हणावे, चुकलो. चारचौघांत नको, नुसते तिच्याकडे बघून म्हटले असते तरी ती अर्ज उचलून मागे फिरली असती.

कमलाकांतने थोडा वेळ अर्जाकडे पाहिले. मग त्याने सुस्कारा सोडला, डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसा. "ती म्हनते तर द्या सोडचिठ्ठी," तो म्हणाला. "माजी हरकत न्हाय."

पुंडलिकने दोघांकडून काडी मोडून घेतली. कमलाकांतने खाली वाकून अर्ज उचलला, त्याच्यावरची रेती झटकली आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. वत्सला पुढे कितीदा तरी म्हणाली, "त्यानं लिवलं, सोडलं, सगळं मी सोसलं आसतं. पन त्यानं रेती झटकली गो."

नवा फोटो लावून त्याने अर्ज पुन्हा दिला. पुढच्या वर्षी तो गेला. पहिल्या वर्षी आईला तीन पत्रे आली, दुसऱ्या वर्षी एक. त्यात त्याने तिकडेच लग्न केल्याचे लिहिले होते. ते पत्रही मंगलाला उषाबाईंनीच वाचून दाखवले.

वत्सला शिरगावला भावाकडे राहिली आणि सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात एकटी बसू लागली. पाट लावायला, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, दोन स्थळे सांगून आली. तिने नकार दिला.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात एका सोमवारी मंगला त्या बाजारात आली. डोक्यावर पाटी वाहून वाहून मान एका बाजूला कललेली. वत्सलापासून हातभर अंतरावर ती बसली. पाटीवरचे फडके सोडत म्हणाली, "लई एकलं वाटतं गो घरात."

वत्सला बोंबील लावत राहिली. मग म्हणाली, "तो परका होता, गेला. तुला मी आय म्हनत होते."

मंगला रडली. वत्सलाने बघितले नाही. पण ऊठ म्हणूनही सांगितले नाही. पुढच्या सोमवारी म्हातारी पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. दोघी शेजारी बसून आपापला माल विकायच्या.

वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या एका नव्या गिऱ्हाइकाने एकदा सहज विचारले, "आई का तुमची?"

"न्हाय," वत्सला म्हणाली. "मुरब्याची हाय एक बाई." आणि तिने तागडी उचलली.