बाई आधी आल्या

लातुरात माझी सायकल दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. चाक फिरवून कान लावतो, तारा नखाने वाजवतो आणि बिघाड सांगतो. बोलणं मोजकंच, "हाव" नाहीतर "न्हाई".

परवा शनिवारी डोंगरवाटेची माउंटन बाइक राइड झाली, रविवारी शिरूर अनंतपाळपर्यंत जाऊन यायची रोड राइड. मीही त्यात होतो. दुरुस्तीला आयोजकाने त्यालाच नेलं होतं. शिरूरला एका शिक्षिकेची चेन तुटली. तो ती जोडत असताना आयोजक आपल्या एका पाहुण्याची सायकल घेऊन आला.

"ते सोड, साहेबांचं आधी बघ. बाईंना टेम्पोत बसवू."

त्याने मानही वर केली नाही. "बाई आधी आल्या. त्यांचंच करायलोय."

"ऐकायचं नसेल तर चालता हो!"

"जातो. एवढी चेन बसवून जातो."

चेन बसली, बाई निघाल्या. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि एसटी गाठायला चालत निघाला.

बाई ठरलेल्या वेळेत लातूरला पोचल्या. समारोपाला त्याच आयोजकाने माइकवरून त्यांच्या जिद्दीचं तोंडभरून कौतुक केलं. मिस्त्रीचा साधा उल्लेखही नाही! माझं डोकं तापलं. पण त्याहून संताप आला तो स्वतःचाच. शिरूरला मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, लिंबूपाणी पीत, गप्प.