मढ्यांचा सिनेमा आणि नाना

भूतबित मानणारा माणूस मी नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, सगळी नोकरी धुळ्यात झाली, आणि आजही कुणाच्या अंगात आलं की मी चपला घालून बाहेर पडतो. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा टाइमपास म्हणूनच वाचतो, खोटं कशाला सांगू. पण परवा मुलगा टीव्हीवर झॉम्बीची सिरीज बघत होता आणि मला त्या खोलीत बसवेना... उठून गल्लीत दोन चकरा मारून आलो. बायकोने विचारलं, काय झालं? तिला धड सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. माझे मामा भडगावजवळ गिरणाकाठच्या खेड्यात राहायचे. त्यांना सगळे नाना म्हणत, मामीला अक्का. नानांना अर्धांगवायू होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि पडून पडून डावा पायही वाळला होता. समज मात्र शाबूत. अक्का जवळ बसली की डाव्या हाताने तिचं बोट धरायचे आणि सोडायचे नाहीत.

मामेभाऊ सुनीलचा साखरपुडा झाला. पाहुणे थांबले होते म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणला. सोबत दोन हिंदी पिक्चर आणि एक इंग्रजी — कबरीतून उठलेली मढी माणसांच्या मागे लागतात, तसला. व्हिडिओ लायब्ररीवाला म्हणाला होता, "ही कॅसेट माझ्याकडे कधी पडून राहत नाही. भाषा कोणाला कळते? लोक मढ्यांसाठी नेतात."

खरंच होतं ते. भर दुपारी खिडकीला गोधडी लावून अंधार केला होता. हिंदी पिक्चरला अर्धे लोक पेंगत होते, पण हा लागला तशी शेजारपाजारची माणसंही येऊन बसली. बाया पदर तोंडाशी धरून बघत होत्या, घाबरत होत्या आणि हसतही होत्या. मान वाकडी, हात लोंबते, पाय ओढत ती मढी चालायला लागली की पोरं नक्कल करायची.

नानांची खाट मागच्या भिंतीला होती. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दाराशी बसलेली एक म्हातारी अगदी हळू आवाजात म्हणाली, "नाना चाली ऱ्हायनात."

आम्ही वळून पाहिलं. नाना खाटेपासून लांब, खोलीच्या मधोमध होते. चालत होते... मान वाकडी, दोन्ही हात लोंबते. पोरं आधी हसली — त्यांना वाटलं कुणीतरी नक्कल करतंय. मग मागे सरकून आयांना बिलगली. नाना टीव्हीपर्यंत गेले, भिंतीला टेकले, तिथेच पाय हलवत राहिले. पिक्चर संपला आणि पोतं पडावं तसे खाली बसले.

घरात आनंदीआनंद. अक्काने देवापुढे साखर ठेवली. सुनीलने टीव्ही-व्हीसीआरसकट ती कॅसेट पुन्हा आणली, आणि मग आणतच राहिला. दर वेळी तेच. हिंदी पिक्चर लावून पाहिले, काही नाही. हाच लागला की नाना उठायचे. धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी पाय दाबून पाहिले आणि म्हणाले, "या पायांवर माणूस उभा राहू शकत नाही. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

मी सुट्टी मिळाली की जायचो. तिसऱ्या का चौथ्या खेपेला लक्षात आलं, अक्का आता पिक्चर लागला की स्वयंपाकघरात जाऊन बसते. मी विचारलं, तर चूल फुंकायला लागली.

मग तो रविवार. दुपारीच, नाना चालत असताना लाइट गेली. टीव्ही बंद. आम्हाला वाटलं आता बसतील. ते बसले नाहीत. वळले आणि उघड्या दाराकडे निघाले. अक्का धावत येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"कोठे चालनात?" तिने विचारलं.

नाना थांबले नाहीत. समोर माणूस आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. अक्काला ढकललं, ती पडली, तिच्या हातावर पाय देऊन अंगणात उतरले. मी आणि सुनीलने त्यांना धरलं. वैशाखाचं ऊन होतं, आणि नानांचं अंग माठासारखं गार. उचलून आणलं तेव्हाही पाय हवेत चालत होते. खाटेवर टाकल्यावरसुद्धा, बराच वेळ.

मग थांबले. नानांनी डोळे फिरवले, अक्काला शोधलं. तिच्या सुजलेल्या हाताकडे बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिच्याकडे डावा हात सरकवत होते, पण पोचत नव्हता.

सुनील म्हणाला, "माय, चालतस ते सही ना? सवय व्हई जाई."

अक्का म्हणाली, "पडेल ऱ्हातस तवय माले वळखतस. चालतस तवय नही. माले हाऊ पडेल माणूसच पाहिजे. कॅसेट दी टाक."

सुनील दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण कॅसेट परत गेली. नाना पुन्हा कधी उठले नाहीत. पुढे वर्ष-दीड वर्षाने खाटेवरच गेले — जाताना अक्काचं बोट हातात होतं.

सायकॉलॉजी शिकवणाऱ्या एका मित्राला मी हे सांगितलं होतं. तो मेंदू, झटका, असं बरंच बोलला. पायांबद्दल विचारलं, तर चहा मागवला. अक्काने मात्र फार वर्षांनी, भांडी आवरता आवरता, सहज विचारलं होतं, "भाऊ, तू शिकेल शेस. मना हातवर पाय दिना, तो कोन व्हता?"

मी तिच्या हातातली भांडी घेतली आणि फळीवर लावायला लागलो.