दोनदा आलेली ओळ

भाषा विभागात त्यांना सगळे आकडेबुवा म्हणत. लोकांचं बोलणं टेप करायचं, टायपिस्ट ते कागदावर उतरवायची आणि बुवा त्यावरून हिशोब मांडायचे: पुढचा शब्द आधीच ओळखणं किती अवघड? ठरावीक बोलणाऱ्याचा आकडा लहान, चकवणाऱ्याचा मोठा. एकवीस वर्षं हेच. याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की बुवांचा पारा चढायचा.

सगळ्यात मोठा आकडा त्यांच्या ताईचा. दर वर्षी ती तासभर बोलायला यायची आणि क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्याला टांगून ठेवायची. बुवांनी संसार केला नाही. मिरवायला त्यांच्याकडे बहिणीची जीभ तेवढी होती.

विभागात नियम बुवांनीच घातला होता. तेच वाक्य लागोपाठ आलं, तर ती टायपिंगची चूक, एकदाच धरायचं. गेली तीन वर्षं ताईच्या कागदांवर अशा ओळी फार येत होत्या. बुवा लाल पेनाने खोडत आणि टायपिस्टच्या नावाने बोटं मोडत. ताईच्या घरी गेल्यावर ती तेच तेच विचारायची, तेव्हा ‘हो गं’ म्हणून पेपरात डोकं खुपसत.

यंदा टायपिस्टचा बांध फुटला. “सर, मी दोनदा टाइप केलेलं नाही. तुमच्या ताईच दोनदा बोलल्यात. इथे तर चारदा.”

“मग आधी सांगायचं नाही?”

“ऐकून घेतलं असतंत?”

बुवांनी खोडलेल्या ओळी परत घालून तिन्ही वर्षांचे आकडे नव्याने काढले. दर वर्षी आकडा घसरला होता. ताईला तपासून डॉक्टर म्हणाले, “तेव्हाच आणायला हवं होतं त्यांना.” नियम आपला, पेन आपलं, बहीणही आपलीच, बुवांना दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना. त्यांनी नोकरी सोडली आणि ताईकडे राहायला गेले.

आता तिचं प्रत्येक वाक्य त्यांना आधीच कळायचं. ‘चहा घेतलास?’ ‘आईला कळवलंस?’ ‘दार लाव.’ ते मुकाट्याने उत्तरं द्यायचे, दहादा विचारलं तर दहादा.

एका मंगळवारी ते तिचा चष्मा पुसून घेऊन आले आणि चहाच्या प्रश्नाची वाट पाहत उभे राहिले. ताई सावरून बसली. परक्याशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, “आपण कोण? माझा भाऊ येईलच इतक्यात. तोवर बसा ना.”

बुवा बसले.