मासोळी न खाणाऱ्या कोंबड्या

आईचं रक्त कमी झालं आणि त्यापायी मी कोंबड्यांच्या खाण्यापिण्यात लक्ष घालायला लागलो. एरवी खुराड्याकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

आमचं गाव दरेकशाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. थोडं धानाचं शेत आहे, आणि गोंदियात बियाण्यांच्या दुकानात माझी नोकरी, म्हणजे रोज गाडीनं जाणं-येणं. गेल्या पावसाळ्यात आईला शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, चालतानाही दम लागायला लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "मांजी को रोज अंडा खिलाओ. नहीं तो खून चढाना पडेगा." रक्त चढवायचं म्हणताच आई उठली आणि चपला शोधायला लागली. कुणाचं तरी रक्त अंगात घेण्यापेक्षा अंडं बरं, हे तिनं परतीच्या गाडीतच कबूल केलं.

अंडी घरचीच होती, पण आमच्या कोंबड्या नावाच्याच कोंबड्या. कोंडा आणि कनकी, तांदळाची कणी, खायच्या, दिवसभर उकिरडा उकरायच्या आणि वाटलं तर एखादं अंडं द्यायच्या. त्याचं कवच इतकं पातळ की हातात धरायची भीती. एक कोंबडी तर स्वतःचंच अंडं फोडून खायची. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी मोबाईलवर वाचलं की कोंबडीचं नुसत्या दाण्यावर भागत नाही; तिला किडे, मासळी असं काहीतरी जोराचं खाणं लागतं. लगेच बाजारातून सुकी मासोळी आणली. मागच्या वाडीत बसून भाजली, कुटली आणि कोंड्यात थोडी थोडी मिसळायला लागलो. आई तेव्हा नाकाला पदर लावून आत जायची. वास तिला घाण वाटायचा म्हणून नव्हे. त्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि तेच तिला नको होतं.

कोंबड्या लवकरच सुधारल्या. अंडी वाढली, कवच जाड झालं. आईनं काही दिवस मुकाट्यानं अंडं खाल्लं आणि मी स्वतःवर खूश होतो. मग एका सकाळी उकडलेलं अंडं सोलता सोलता तिचा हात थांबला.

"कोंबडीनं मासोरी खाल्ली, मंग हे अंडं कायचं झालं गा?"

"कोंबडीचं," मी म्हणालो.

"मासोरीचं झालं," असं म्हणून तिनं ताटली माझ्याकडे सरकवली.

आता हे सांगायला हवं. मी अगदी लहान असताना तापानं फणफणलो होतो आणि डोळे उघडत नव्हतो. आईला मासोळीचं भारी वेड. माहेरच्या बोडीत, गावच्या लहानशा तळ्यात, लहानपणी ती स्वतः मासे धरायची. तिनं मातामायपुढे, गावच्या देवीपुढे, उभं राहून सांगितलं, माझं पोरगं जगलं तर ते जितं असेपर्यंत मी मासोळी तोंडात घालणार नाही. आमच्याकडे नवसात असं आवडीचंच खाणं सोडतात. नावडतं सोडून देवीला फसवता येत नाही. घरात मासोळी शिजायची, ती सगळ्यांना वाढायची आणि स्वतः तिखट-मीठ लावून भात खायची. मला त्याची इतकी सवय झाली होती की तिला मासोळी आवडते हेच मी विसरलो होतो.

"माय, गाय गवत खाते. मंग दूध गवत हाये का?"

"गवत नाई सोडलं मी. मासोरी सोडली."

"अवो, त्याले किती वर्षं झाली! मी आता टकला झालो."

"टकला झालास," ती म्हणाली, "पन हायेस नं?"

मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली. ती चुलीपाशी बसूनसुद्धा धापा टाकत होती. माझ्या जिवासाठी ती स्वतःचा जीव पणाला लावते आहे, हे मला अजिबात मान्य नव्हतं. आणि तिला तर त्यात पणाला लावण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

उरलेली सुकी मासोळी मी शेजाऱ्यांना देऊन टाकली. कोंबड्यांना दुसरं काय घालावं याचा विचार करताना पूर्वी बाबा कोंबड्यांसाठी लावायचे ते मडकं आठवलं. जुन्या मडक्यात तनस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि वाळलेलं शेण भरायचं, वर पाणी शिंपडायचं आणि धुऱ्यावर उधई, म्हणजे वाळवी, लागलेल्या जागी संध्याकाळी ते पालथं घालून यायचं. सकाळी मडकं उधईनं भरलेलं असतं. वारुळाला कुदळ लावायची नाही, तो नागोबाचा मान. मी मडकं भरायला बसलो तेव्हा आईनं ते हातात घेऊन आतून हुंगलं, कुणी त्यात कधी मासोळी शिजवली नाही ना म्हणून. मगच परत दिलं.

सकाळी अंगणात मडकं झटकलं की कोंबड्या एकमेकींच्या अंगावर पडायच्या. पण आई लगेच अंडं खायला तयार होईना.

"त्याईच्या अंगात अजून मासोरी हाये," ती म्हणाली. "जुनी पिसं झडू दे. नवी आली का मंग खाईन."

दसऱ्याच्या सुमारास कोंबड्यांची पिसं गळायला लागली आणि अंडी बंदच झाली. त्या ओंगळ, उघड्या मानेच्या कोंबड्यांकडे मी रोज गाडीला निघताना पाहायचो. आई गोळ्या घ्यायची, गूळ-फुटाणे खायची आणि चार पावलं चालून भिंत धरायची. पिसाची एक काडी मानेवर दिसली तरी मला उभारी यायची. उधईचं मडकं मी एक दिवसही चुकवलं नाही. धान कापणीला आलं तेव्हा कोंबड्या पुन्हा भरल्या, चकाकायला लागल्या. कापणी संपल्यावर खुराड्यात पहिलं अंडं सापडलं.

मीच ते उकडलं, सोललं, मीठ लावलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मासोरी नाई नं?"

"नाई."

"डोक्यावर हात ठेव."

मी तिच्या डोक्याकडे हात नेला. तिनं तो धरून माझ्याच टकलावर ठेवला. "इथं ठेव. आता सांग."

"नाई वो माय. उधईच हाये."

तिनं अंड्याचा तुकडा तोडून तोंडात घातला. खाताना ती अंड्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. घास गिळून झाल्यावर तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बरा हायेस नं?" तिनं विचारलं, आणि मग दुसरा घास घेतला.